दोन देशांची परकीय गंगाजळी ताडून कशी पाहायची: सोलापूरच्या नवख्या वाचकांसाठी

दर शुक्रवारी संध्याकाळी रिझर्व्ह बँक आपला साप्ताहिक तक्ता जाहीर करते आणि शनिवारी पेपरात बातमी येते की देशाची परकीय गंगाजळी अमुक अब्ज डॉलरवर गेली. कुणीतरी शेजारच्या देशाचा आकडा शोधून काढतं, दोन्ही शेजारीशेजारी मांडतं आणि निकाल देऊन मोकळं होतं. अशी तुलना बहुतेक वेळा फसते. आकडे खोटे नसतात, पण दोन वेगळ्या गोष्टी एकाच तागडीत पडलेल्या असतात.

हा लेख व्यवहारतोल, म्हणजे बॅलन्स ऑफ पेमेंट्स, देशाच्या परदेशांशी झालेल्या सगळ्या देवघेवीचा हिशोब, पहिल्यांदाच उघडून बसणाऱ्यांसाठी आहे. बी.कॉम., एम.ए.ची मुलं, एमपीएससीची आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत किंवा डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये निर्यातीची कागदपत्रं सांभाळणारी मंडळी. या शेवटच्यांना विषय परका वाटायचं कारण नाही. आपल्या भागातला कांदा आणि डाळिंब बांगलादेशात जातं. मे २०२२ मध्ये बांगलादेशने परदेशी फळांवर २० टक्के नियामक शुल्क लावलं आणि बिनगरजेच्या मालाची एलसी (आयातदाराच्या वतीने बँकेने दिलेलं पैशांचं हमीपत्र) उघडताना बँकेत भरायचं मार्जिनही वाढवलं. इथून पाहिलं तर तिकडचं गिऱ्हाईक मंदावलं एवढंच दिसतं. मूळ कारण मात्र ढाक्यातल्या मध्यवर्ती बँकेच्या डॉलरच्या साठ्यात होतं, आणि ते कागदावर वाचता येत होतं. म्हणून उदाहरणाला भारत आणि बांगलादेश हीच जोडी घेतो, आणि वर्ष २०२२-२३, कारण त्या वर्षी दोन्ही देशांची गंगाजळी घटली.

माझं एक ठाम मत आधीच सांगतो. व्यवहारतोलाच्या सगळ्या तक्त्यात गंगाजळीची ओळ सर्वांत भरवशाची असते. निर्यात, आयात, सेवा, परदेशी गुंतवणूक या ओळी जकात खात्याच्या नोंदी, बँकांचे फॉर्म आणि सर्वेक्षणं यांतून गोळा होतात, त्यात गळती असते. गंगाजळी हा मध्यवर्ती बँकेचा स्वतःचा हिशोब असतो, आणि आपण किती डॉलर घेतले नि किती विकले हे तिला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे एखाद्या देशाची खरी ओढाताण कळून घ्यायची असेल तर मी आधी ही ओळ पाहतो. फक्त ती वाचायची रीत आहे, आणि ती रीत न पाळता केलेली तुलना नुसती चुकीची नाही, उलटीही निघू शकते.

एक वही किंवा एक्सेलची शीट घ्या. डावीकडे बाबी लिहा, मग भारतासाठी एक रकाना, बांगलादेशासाठी एक, आणि तिसरा रकाना रिकामा ठेवा. त्यात प्रत्येक आकडा कुठून घेतला आणि तो कोणत्या तारखेचा हे लिहायचं आहे. हा तिसरा रकाना टाळू नका, पुढे कळेल का ते.

पायरी १: साठा आणि ओळ वेगळी लिहा

शुक्रवारच्या तक्त्यात चार ओळी असतात: परकीय चलनातली मालमत्ता, सोनं, एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे (आयएमएफ) विशेष उचल अधिकार, आणि नाणेनिधीतली आपली राखीव स्थिती, म्हणजे तिथून लगेच उचलता येणारी रक्कम. चौघांची बेरीज म्हणजे गंगाजळी. यात सर्वांत मोठी पहिली ओळ. तिच्यात अमेरिकी सरकारचे रोखे, इतर देशांचे रोखे, परदेशी मध्यवर्ती बँकांतल्या ठेवी असं सगळं येतं. या बेरजेला साठा म्हणायचं. तो एका ठरावीक दिवसाचा असतो.

व्यवहारतोलात हा साठा नसतोच. तिथे असतो तिमाहीत किंवा वर्षात झालेल्या व्यवहारांमुळे साठ्यात पडलेला फरक. रिझर्व्ह बँकेने बाजारातून डॉलर विकत घेतले तर ओळीत भर, रुपया सावरायला डॉलर विकले तर घट. नवख्यांची पहिली गल्लत इथे होते: साठ्याचा आकडा उचलून तो व्यवहारतोलाचा म्हणून लिहिला जातो.

तर शीटवर दोन्ही लिहा. भारताचा साठा मार्च २०२२ अखेर ६०७.३ अब्ज डॉलर, मार्च २०२३ अखेर ५७८.४ अब्ज. बांगलादेशाचा, त्यांच्या तेव्हाच्या मोजणीप्रमाणे, जून २०२२ अखेर ४१.८ अब्ज आणि जून २०२३ अखेर ३१.२ अब्ज. खाली व्यवहारतोलाची ओळ: भारताची गंगाजळी २०२२-२३ मध्ये ९.१ अब्ज डॉलरनी घटली, बांगलादेशाच्या एकूण तोलात, म्हणजे गंगाजळीतून भरून काढाव्या लागलेल्या फरकात, ८.२ अब्जांची तूट आली.

भारतासाठी हे आकडे रिझर्व्ह बँकेच्या तिमाही व्यवहारतोलाच्या पत्रकात मिळतात. त्यासोबत आणखी एक छोटं पत्रक निघतं, गंगाजळीतल्या चढउताराची कारणं सांगणारं. ते फार कमी लोक उघडतात आणि आपल्या कामाला तेच सर्वांत उपयोगी आहे. बांगलादेशासाठी बांगलादेश बँकेचं संकेतस्थळ. दोन्ही देश एकाच साच्यात हवे असतील तर नाणेनिधीचा आकडेवारीचा विभाग आहे, पण तिथे शिरण्याआधी पुढची पायरी नीट वाचा.

पायरी २: चिन्ह तपासा

२०२३-२४ मध्ये भारताच्या गंगाजळीत व्यवहारांमुळे ६३.७ अब्ज डॉलरची भर पडली. रिझर्व्ह बँकेच्या नेहमीच्या तक्त्यात शेवटी जाऊन पाहा, तिथे तो आकडा वजा चिन्हासह दिसेल. ओळीच्या नावातच लिहिलेलं असतं की वाढ असेल तर वजा, घट असेल तर अधिक. घाईत ते वाचायचं राहतं, आणि भरभराटीच्या वर्षाला संकटाचं वर्ष ठरवणारी उत्तरपत्रिका तयार होते.

वजा का? व्यवहारतोलाच्या सगळ्या ओळींची बेरीज शून्य यायला लागते. बाकीच्या ओळींतून त्या वर्षी ६३.७ अब्ज डॉलर जास्तीचे आत आले. ते रिझर्व्ह बँकेने विकत घेतले. परदेशी मालमत्ता विकत घेणं हे हिशोबाच्या भाषेत देणं, म्हणून वजा. दोन्ही मिळून शून्य.

नाणेनिधीने २००९ मध्ये व्यवहारतोलाची सहावी नियमपुस्तिका आणली. बीपीएम सिक्स हे तिचं प्रचलित नाव. मार्च २०२५ मध्ये सातवी जाहीर झाली असली तरी बहुतेक देशांचे तक्ते अजून सहाव्या साच्यातलेच आहेत. त्या पद्धतीत वित्तीय खात्यात, म्हणजे गुंतवणूक, कर्जं आणि गंगाजळी यांच्या खात्यात, मालमत्ता किती घेतली ते लिहितात, म्हणून गंगाजळी वाढली की आकडा अधिक. म्हणजे भारताचा आकडा रिझर्व्ह बँकेकडून आणि शेजाऱ्याचा नाणेनिधीकडून घेतलात तर एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीसारखी दिसेल. मी मुलांना सांगतो, शीटवर चिन्ह उतरवूच नका. 'भर' किंवा 'घट' असा शब्द लिहा आणि पुढे आकडा.

पायरी ३: किमतीतला फरक बाजूला काढा

भारताचा साठा वर्षभरात ६०७.३ वरून ५७८.४ वर आला, म्हणजे २८.९ अब्ज डॉलर कमी. पण व्यवहारतोल म्हणतो घट ९.१ अब्ज. मग उरलेले सुमारे २० अब्ज गेले कुठे?

कुठेच गेले नाहीत. रिझर्व्ह बँकेकडे युरो, पौंड, येन आणि सोनंही असतं, पण हिशोब डॉलरमध्ये सांगायचा. २०२२ मध्ये डॉलर वधारला, त्यामुळे तेवढेच युरो डॉलरमध्ये मोजल्यावर कमी भरले. व्याजदर चढल्याने रोख्यांच्या किमतीही उतरल्या. एकही डॉलर न विकता साठा आटलेला दिसला. याला मूल्यांकनातला बदल म्हणतात आणि व्यवहारतोलात त्याला जागा नसते, कारण तो व्यवहार नाही.

हा फरक किरकोळ समजू नका. २००८-०९ च्या जागतिक मंदीत भारताचा साठा ३०९.७ वरून २५२ अब्जांवर आला, ५७.७ अब्जांची घसरण. त्यातले जेमतेम २०.१ अब्ज व्यवहारांतून गेले होते, बाकी सगळा किमतींचा खेळ. दोन देशांत साठ्याची घसरण मोजताना एकाकडे सोनं आणि युरो जास्त असतील आणि दुसऱ्याकडे जवळपास सगळे डॉलर, तर नुसत्या साठ्यावरून काढलेला निष्कर्ष त्यांच्या तिजोरीच्या रचनेबद्दल सांगतो, अडचणीबद्दल नाही.

सोन्याच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. भारत आपल्या सोन्याची किंमत बाजारभावाशी जोडून लावतो. अमेरिकेकडे ८,१३३ टन सोनं आहे, जगात सर्वाधिक. पण तिथल्या सरकारी हिशोबात त्याची किंमत औंसाला ४२.२२ डॉलर हीच धरलेली आहे, कायद्याने १९७३ पासून. त्यामुळे तो सगळा डोंगर सुमारे ११ अब्ज डॉलरचा दिसतो. औंसाला ३,००० डॉलर धरले तर तेच सोनं ७८० अब्जांच्या पुढे जातं. म्हणून कोणत्याही जोडीत सोन्याची ओळ वेगळी लिहावी. जागतिक बँक सोन्यासह आणि सोन्याविना अशा दोन मालिका देते. आधी सोन्याविना ताडून पाहा, मग सोनं मिळवा.

पायरी ४: गंगाजळीत नेमकं काय धरलंय

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि इथे थोडा वेळ द्या.

बांगलादेशाचा साठा ऑगस्ट २०२१ मध्ये ४८ अब्ज डॉलरपर्यंत गेला होता आणि तिथे त्याचं मोठं कौतुक झालं. पण त्या आकड्यात मध्यवर्ती बँकेने देशातल्या निर्यातदारांना डॉलरमध्ये दिलेली कर्जं धरलेली होती. एक्स्पोर्ट डेव्हलपमेंट फंड नावाची योजना होती: कापड कारखानदाराने कापूस, सूत आयात करायला या फंडातून डॉलर घ्यायचे आणि माल विकून फेडायचे. याशिवाय पायरा बंदराच्या कामाला दिलेले पैसे होते, श्रीलंकेला दिलेले २० कोटी डॉलर होते. हे सगळं बँकेचं येणं होतं, पण गरज पडली त्या दिवशी हातात येणारं नव्हतं.

नाणेनिधीची व्याख्या या जागी कडक आहे. जी परदेशी मालमत्ता चलनाची जबाबदारी असलेल्या यंत्रणेच्या थेट ताब्यात आहे आणि लागेल तेव्हा लगेच वापरता येते, तीच गंगाजळी. देशातल्याच कुणाला दिलेलं कर्ज परदेशी मालमत्ता ठरत नाही, ते डॉलरमध्ये असलं तरी. ३० जानेवारी २०२३ रोजी नाणेनिधीने बांगलादेशाला ४.७ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं, त्यासोबत बीपीएम सिक्सप्रमाणे मोजणी करण्याची अट आली. जुलै २०२३ मध्ये बांगलादेश बँकेने पहिल्यांदा दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापले. जुन्या मोजणीने साधारण ३० अब्ज, नव्या मोजणीने साधारण साडेतेवीस अब्ज.

सोलापूरकराला हे समजायला उजनीपेक्षा चांगलं उदाहरण नाही. धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि वापरायचं ५३.५७. उन्हाळ्यात धरण वजा टक्क्यांत गेल्याची बातमी येते तेव्हा पुलावरून पाणी दिसत असतंच. दिसणारं आणि कालव्याला सोडता येणारं, हे दोन हिशोब आहेत. गंगाजळीतही तेच, आणि इथे तर मृतसाठा किती हे प्रत्येक देश सारख्या मोकळेपणाने सांगतोच असं नाही.

श्रीलंकेचं पाहा. मार्च २०२२ अखेर तिथल्या मध्यवर्ती बँकेने गंगाजळी १.९ अब्ज डॉलर दाखवली. त्यातले सुमारे दीड अब्ज चीनच्या मध्यवर्ती बँकेबरोबरच्या स्वॅप, म्हणजे चलनाच्या अदलाबदलीच्या, कराराचे होते, आणि ते वापरण्यावर अटी होत्या. हे बँकेने स्वतःच तळटीपेत लिहिलं होतं. तळटीप वाचणाऱ्याला दिसत होतं की खरोखर हाताशी असलेला पैसा ४० कोटींच्या आसपास आहे. १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबवली.

म्हणून शीटवर एक ओळ वाढवा: 'व्याख्या कोणती'. भारतासमोर बीपीएम सिक्स. बांगलादेशासमोर दोन उपओळी, जुनी मोजणी आणि नवी मोजणी. जून २०२३ अखेर जुनी ३१.२, नवी २४.७५. तुलनेला नवी घ्यायची. आणि एका देशाची नवी, दुसऱ्याची जुनी असं कधीच करायचं नाही.

पायरी ५: वर्ष जुळवा

भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, बांगलादेशाचं जुलै ते जून, चीन आणि श्रीलंका जानेवारी ते डिसेंबर. '२०२२-२३' हे नाव सारखं असलं तरी मधले तीन महिने वेगळे. काटेकोर व्हायचं असेल तर भारताच्या जुलै ते जून अशा चार तिमाहींची बेरीज करा. व्यवहारतोलाच्या ओळी बेरजेला चालतात. साठ्याची बेरीज करायची नसते, त्याचा फक्त शेवटच्या तारखेचा आकडा घ्यायचा. आपल्या उदाहरणात ढोबळ चित्र हवं आहे, म्हणून मी दोन्ही देशांची आपापली वर्षं तशीच ठेवतो.

पायरी ६: आकाराने भागा

आता समोर दोन आकडे आहेत: भारताची घट ९.१ अब्ज, बांगलादेशाची ८.२ अब्ज. नुसतं पाहिलं तर भारताची घट जास्त.

वर्षाच्या सुरुवातीच्या साठ्याने भागा. भारत: ९.१ भागिले ६०७.३, म्हणजे दीड टक्का. बांगलादेश: ८.२ भागिले ४१.८, म्हणजे जवळपास २० टक्के. एका वर्षात पाचवा हिस्सा. (४१.८ हा जुन्या मोजणीचा आकडा आहे; नव्या मोजणीने छेद लहान होतो, म्हणून टक्का आणखी चढतो.) तिथे एलसी का आवळाव्या लागल्या याचं उत्तर या भागाकारात आहे. भारतात त्या वर्षी सोन्यावरचं आयात शुल्क वाढलं, पण एलसी आवळायची वेळ आली नाही.

भागायला जीडीपीही घेता येतो. भारताचा जीडीपी तेव्हा ३,३०० अब्ज डॉलरच्या वर, बांगलादेशाचा साधारण ४५० अब्ज. घट भारतात पाव टक्क्याच्या आसपास, तिकडे पावणेदोन टक्क्यांच्या पुढे. दोन्ही भागाकार एकाच दिशेने बोलत असतील तर निष्कर्ष पक्का समजा. वेगळ्या दिशेने बोलले तर थांबा आणि चौथी पायरी पुन्हा तपासा. बहुधा तिथेच घोळ असतो.

पायरी ७: भर किंवा घट कशामुळे

गंगाजळी वाढली एवढ्याने देश कमावता झाला असं होत नाही. चालू खात्याची, म्हणजे माल, सेवा आणि घरी पाठवलेले पैसे यांच्या जमाखर्चाची, ओळ वर जाऊन पाहा. २०२२-२३ मध्ये भारताच्या चालू खात्यावर ६७ अब्ज डॉलरची तूट होती. गंगाजळीतून ९.१ अब्ज गेले. म्हणजे उरलेले ५७.९ अब्ज परदेशी गुंतवणूक, कर्जं, अनिवासी भारतीयांच्या ठेवी आणि चुकभूल यांतून आले. २०२३-२४ मध्ये तूट २६ अब्जांवर आली, तरी गंगाजळी ६३.७ अब्जांनी वाढली. सोपी बेरीज: जवळपास ९० अब्ज भांडवल आत आलं. चीनने २०००च्या दशकात जी गंगाजळी उभी केली तिच्यामागे मोठं निर्यातीचं शिल्लक खातं होतं. भारताची बरीचशी उसन्या आणि गुंतवलेल्या पैशावर उभी आहे, आणि तो पैसा परत जाऊ शकतो. म्हणून भारत-चीन तुलनेत समान आकाराची भर समान ताकदीची नसते.

काही भर तर कुणीच कमावलेली नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये नाणेनिधीने सर्व सदस्यांना मिळून ६५० अब्ज डॉलरचे एसडीआर वाटले, भारताच्या वाट्याला सुमारे १७.९ अब्ज डॉलरचे आले. २०२१-२२ मध्ये भारताच्या गंगाजळीत व्यवहारांनी ४७.५ अब्जांची भर दिसते, तिच्यातला एक तृतीयांशाहून मोठा भाग हा. तसंच नाणेनिधीचं कर्ज: हप्ता आला की गंगाजळी चढते, पण फेडायचं असतं. बांगलादेशाच्या २०२३ नंतरच्या आकड्यांत हे हप्ते वेगळे ओळखून ठेवा.

इथेच बांगलादेशातली २०२४ ची एक घटना सांगायला हवी. त्या वर्षी जुलैत बांगलादेश बँकेने निर्यातीचे आकडे दुरुस्त केले. एकाच मालाची दोनदा नोंद होत होती, दहा महिन्यांच्या निर्यातीतून १३ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वगळावी लागली. चालू खातं शिलकीतून तुटीत गेलं, वित्तीय खातं तुटीतून शिलकीत आलं, सगळं विश्लेषण उलटं झालं. पण एकूण तोल जवळपास जागेवरच राहिला, कारण गंगाजळी किती गेली हे बँकेला आधीच माहीत होतं. सुरुवातीला मी या ओळीला भरवशाची म्हणालो ते यासाठी. आणि तिसरा रकाना, तारखेचा, तो यासाठी. मे २०२४ मध्ये उतरवलेला चालू खात्याचा आकडा आणि ऑगस्टमध्ये उतरवलेला आकडा एकाच वर्षाचे असूनही जुळणार नाहीत.

पायरी ८: पुरेशी आहे का

सर्वांत जुना मापदंड म्हणजे आयातीचं छत्र: साठा किती महिन्यांच्या आयातीला पुरेल. तीन महिने ही रूढ किमान मर्यादा. १९९१ मध्ये भारताकडे काही आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरले होते. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेने ४६.९१ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. ज्यांच्या घरात ते दिवस पाहिलेली माणसं आहेत त्यांना या मापदंडाचं वजन वेगळं सांगायला नको.

हिशोब करू. भारताची २०२२-२३ ची मालाची आयात महिन्याला ६० अब्जांच्या आसपास, साठा ५७८.४, म्हणजे साडेनऊ महिन्यांच्या वर. बांगलादेशाची आयात त्या वर्षी साधारण ७० अब्ज, महिन्याला ५.८. जुन्या मोजणीने ३१.२ भागिले ५.८, पाच महिन्यांहून जास्त. नव्या मोजणीने चार महिने आणि थोडं वर. नुसती व्याख्या बदलून महिना हातातून गेला.

आता यातला फसवा भाग. आदल्या वर्षी बांगलादेशाची आयात ८२ अब्जांच्या पुढे होती. डॉलर नव्हते म्हणून एलसी अडल्या, म्हणून आयात ७० वर आली. जुन्या वेगाने आयात चालू राहिली असती तर तोच २४.७५ अब्जांचा साठा साडेतीन महिनेच पुरला असता. टंचाईने आयात आक्रसते, आणि आयात आक्रसली की हा मापदंड सुधारल्यासारखा दिसतो. म्हणून आयातीचं छत्र लिहिताना छेदात गेल्या दोन-तीन वर्षांची सरासरी आयातही घालून पाहा.

दुसरा मापदंड कर्जाचा: येत्या वर्षभरात फेडायचं परकीय कर्ज गंगाजळीत बसलं पाहिजे. १९९७ च्या आशियाई संकटानंतर अर्जेंटिनाचे पाब्लो गिदोत्ती आणि अमेरिकेचे ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या नावाने तो ओळखला जातो. कर्जाचे आकडे काढताना मूळ मुदतीचं अल्पकालीन कर्ज आणि उरलेल्या मुदतीचं अल्पकालीन कर्ज यांत गफलत करू नका. दहा वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता या वर्षी असेल तर तो दुसऱ्या प्रकारात येतो, आणि मापदंडाला तोच लागतो.

पायरी ९: आधीच दिलेला शब्द वजा करा

ही पायरी थोडी वरच्या इयत्तेची, पण टाळू नका. मध्यवर्ती बँक आज डॉलर न देता काही महिन्यांनी देण्याचा करार करू शकते. याला फॉरवर्ड विक्री म्हणतात. साठा आज शाबूत दिसतो, देणं मात्र ठरलेलं असतं. फेब्रुवारी २०२५ अखेर रिझर्व्ह बँकेचं असं नक्त देणं ८८ अब्ज डॉलरच्या पुढे गेलं होतं. हा आकडा रिझर्व्ह बँकेच्या मासिक बुलेटिनमध्ये दिलेला असतो, लपवलेला नाही. नाणेनिधीच्या गंगाजळीच्या ठरावीक तक्त्यातही दुसऱ्या भागात तो असतो. दोन देशांची तुलना करताना दोघांचाही हा भाग उघडा आणि साठ्यातून ती रक्कम वजा करून एक ओळ वेगळी लिहा.

सरावासाठी २०२४-२५ घ्या. भारताचा साठा मार्च २०२४ अखेर ६४६.४ अब्ज होता, मार्च २०२५ अखेर ६६८.३. पेपरात वाढीची बातमी आली. व्यवहारतोल मात्र ५ अब्जांची घट दाखवतो आणि चालू खात्याची तूट २३.३ अब्ज. सोनं त्या वर्षी किती चढलं ते आठवा, मधल्या सुमारे २७ अब्जांचा उलगडा होईल. त्याच सुमारास, जुलै २०२४ ते जून २०२५ मध्ये, बांगलादेशाचा एकूण तोल ३ अब्जांहून जास्त शिलकीत गेला. परदेशातल्या कामगारांनी घरी पाठवलेले पैसे एका बाजूला आणि वर्षअखेरीस आलेले नाणेनिधीसारख्यांच्या कर्जांचे हप्ते दुसऱ्या बाजूला, असे ते वेगळे काढून दाखवा. मग दोन्ही देशांचा भागाकार करा.